दगडावर आपटलेला बाण: सरळ दिसतोय, पण शाबूत आहे का?

बारा बाणांपैकी एकच बाण दर वेळी गटाबाहेर जातो. साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवून झाली, रिलीज (दोरी सोडण्याची क्रिया) तपासून झाला, वाऱ्याला शिव्या घालून झाल्या. तरी अकरा बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात आणि हा एक लाल-निळ्याच्या सीमेवर. हा त्रास मला गेल्या दोन वर्षांत चार वेळा झाला आणि चारही वेळा कारण एकच निघालं. तो बाण आधी कधीतरी कशावर तरी जोरात आपटलेला होता, आणि मी तो उचलून, पुसून, डोळ्यासमोर धरून, "सरळ आहे की" म्हणत पुन्हा क्विव्हरमध्ये, म्हणजे भात्यात, टाकला होता.

चौथ्या वेळी तो बाण सुटतानाच मोडला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जागा सांगतो, कारण रोगाचं अर्धं मूळ जागेतच होतं. नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात मामांचं शेत आहे. द्राक्षाचा एक जुना प्लॉट त्यांनी काढून टाकला, तेव्हा ती पट्टी मला रविवारच्या सरावाला मिळाली. ५० मीटर आरामात बसतात. मागे दगडी बांध. आमच्याकडचा बांध म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतातून वेचून रचलेला काळा पाषाण. मला वाटलं, मागे भिंतच आहे, बाण कुठे जाणार नाही, यापेक्षा सुरक्षित काय! माणसांच्या दृष्टीने ते खरंही होतं. बाणांच्या दृष्टीने मी खाटीकखाना उघडला होता. त्यात वेल काढले तरी मांडवाचे लोखंडी अँगल काही ठिकाणी जमिनीलगत कापून तसेच सोडलेले होते. खाली गेलेला बाण अँगलवर, वर गेलेला बांधावर.

मी कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) वापरतो, ओढायचा जोर ५० पाउंड, बाणाचं वजन ३५० ग्रेन म्हणजे साधारण २३ ग्रॅम. याचे कार्बनचे शाफ्ट (बाणाच्या पोकळ दांड्या) मुळात अमेरिकेतल्या शिकारीसाठी बनवलेले, जाड भिंतीचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न येत नाही, पण दणकट म्हणून हेच शाफ्ट सरावाला घेणारे पुष्कळ आहेत. तिकडच्या शिकाऱ्याचा बाण हाडावर, झाडाच्या बुंध्यावर, खडकावर आपटतो, आपला बांधावर. तपासणी तीच. गंमत म्हणजे कार्बन बाणांसोबत येणाऱ्या सूचनांमध्ये, बाण प्राण्याच्या अंगात मोडला तर त्या जागेभोवतीचं मांस काढून टाका, असाही इशारा असतो. कार्बनचे तुकडे किती बारीक होऊन पसरतात, याचा अंदाज त्यावरून यावा.

एक साधा हिशोब करून बघा. २३ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने निघाला तर त्याच्यात सुमारे ७३ ज्यूल ऊर्जा असते. बट्रेसमध्ये (टार्गेट लावायच्या फोमच्या जाड ठोकळ्यात) तो वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर आत जाऊन थांबतो, तेव्हा त्याच्यावर सरासरी ३७ किलोचा जोर येतो. तोच बाण दगडावर ३ मिलिमीटरमध्ये थांबवायचा म्हटलं तर हा आकडा अडीच टनांच्या आसपास जातो. कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात बाण वाकतो, उडतो, काही जोर बाजूला जातो. पण "जरासा लागला दगडाला" या वाक्यातला "जरासा" किती खोटा आहे, ते कळायला एवढं पुरे.

आता माझी चूक. मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर व्ही-ब्लॉक (गोल वस्तू टेकवायचे खाचेचे ठोकळे), डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) आणि वर्नियर हेच माझं जग. त्यामुळे आपटलेला बाण तपासायचा म्हटल्यावर माझा हात सवयीने डायलकडेच गेला. शनिवारी संध्याकाळी सुपरवायझरांना विचारून थांबलो, दोन व्ही-ब्लॉकवर बाण ठेवला, मधोमध डायल लावला आणि हळूहळू फिरवला. काटा हलला न हलल्यासारखा. या शाफ्टच्या खोक्यावर सरळपणा .००३ इंच लिहिलेला असतो, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर, आणि माझा सात नंबरचा बाण त्या मर्यादेत आरामात बसत होता. पास. रविवारी तिसऱ्या एंडला (एंड म्हणजे बाणांची एक फेरी) तोच सात नंबर सुटताना मोडला. मागचा तुकडा रायझरवर (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर) आदळला आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन काळ्या कुसा घुसल्या.

डायल खोटं बोलला नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

अ‍ॅल्युमिनियमचा बाण आपटला की वाकतो आणि वाकलेलाच राहतो. कार्बनचं तसं नाही. त्याचे बहुतेक धागे बाणाच्या लांबीला समांतर असतात आणि इपॉक्सी रेझिनने एकमेकांना धरलेले असतात. मार बसला की रेझिन तडकतं, काही धागे तुटतात, थर सुटे होतात, पण उरलेले धागे शाफ्टला परत सरळ करतात. म्हणजे कार्बनचा बाण एकतर सरळ असतो नाहीतर मोडलेला असतो. मधली "वाकडा" ही अवस्था त्याला जवळजवळ नाहीच. आतून फुटलेला बाण डायलवर ऐटीत पास होतो. मग कंपाउंडची दोरी त्याला मागून ढकलते, तो क्षणभर लवतो, आणि जिथे धागे तुटलेत तिथेच दुमडतो. त्या क्षणी आपलं मनगट शाफ्टच्या शेजारीच असतं.

कुसांबद्दल एक गोष्ट दवाखान्यात शिकलो, ती इथेच सांगून टाकतो. कार्बन फायबर एक्स-रेत नीट दिसत नाही. डॉक्टरांना "काडी घुसली" असं मोघम सांगू नका, कार्बनचा धागा आहे हे स्पष्ट सांगा आणि जमलं तर मोडका तुकडा सोबत न्या. घरी सुईने उकरत बसायचं नाही, धागा आत आणखी तुटतो.

तर आता मी काय करतो ते. बाण बट्रेसऐवजी दुसऱ्या कशावरही आपटला की तो बाण त्या दिवसापुरता बाजूला. क्विव्हरचा एक कप्पा त्यासाठीच ठेवलाय. लगेच मैदानावर बघून परत मारायचा मोह होतो, पण अजून दोन एंड उरलेत म्हणून घाईत केलेली तपासणी ही तपासणी नसते.

घरी आल्यावर पहिली पायरी कापसाची. देवघरातल्या वातींच्या कापसाचा एक सैल बोळा घ्यायचा आणि पॉइंटकडून (पुढच्या टोकाकडून) नॉककडे (मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेकडे), मग उलट, सावकाश फिरवायचा. जिथे धागा उचलला गेलाय तिथे कापूस अडकतो, अगदी केसाएवढा तंतू मागे राहतो. बोटाने कधीच करू नका, कारण बोटाला चीर सापडते ती रक्त आल्यावर. (आईने सुरुवातीला वातींचा कापूस द्यायला साफ नकार दिला. अंगठ्याचं बँडेज बघितल्यावर आख्खा गुंडा हातात ठेवला.) कापूस अडकला की पुढच्या पायऱ्या नाहीत, बाण बाद. तिथे सँडपेपर मारून गुळगुळीत करणारे लोक मी पाहिलेत. ते फक्त पुरावा पुसतात.

कापूस अडकला नाही तरी सुटलो असं नाही. पुढची पायरी वाकवून बघायची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. चष्मा लावा, लांब बाह्यांचा शर्ट घाला. एका हाताने पॉइंटच्या जरा मागे, दुसऱ्या हाताने पिसांच्या जरा पुढे धरा. बाणाची कमान आपल्यापासून आणि दुसऱ्यांपासून दूर जाईल अशा बेताने मधोमध एक ते दोन इंच लववा. कान लावा आणि बोटांकडे लक्ष द्या. मग बाण थोडा फिरवा, पुन्हा लववा. असं चार ते सहा वेळा, पूर्ण गोल होईपर्यंत. फिरवणं का गरजेचं, तर चीर एकाच बाजूला असते. ती बाजू कमानीच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला आली तरच बोलते. माझ्या नऊ नंबरच्या बाणाने तीन बाजूंना हूं की चूं केलं नाही. चौथ्या बाजूला "कट्". आवाज फार मोठा नव्हता, शेंगदाणा दाताखाली फुटावा एवढाच. पण बोटांना तो कानाआधी कळला.

त्यानंतर दोन्ही टोकं धरून बाणाला दोन्ही दिशांना पीळ द्या. चांगला शाफ्ट कडक लागतो, पिळलाच जात नाही म्हणा ना. तो सहज पिळला गेला किंवा हातात ढिला पडल्यासारखा वाटला, तर आतले थर सुटलेत.

पॉइंटकडचं टोक मात्र जास्त वेळ मागतं, कारण समोरून बसलेला मार तिथेच साठतो. पॉइंट बोथट झाला, टोक वाकलं हे दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे पॉइंट किंवा इन्सर्ट (पॉइंट बसवायची आतली नळी) आत सरकणं. तसं झालं की शाफ्टचं तोंड आतून फाकतं आणि पॉइंटच्या लगेच मागे, अर्ध्या इंचाच्या आत, लांबीच्या दिशेने चीर पडते. इथे माझ्या मोजमापाच्या सवयीने जुनी बेइज्जती भरून काढली: नवा बाण आणि आपटलेला बाण शेजारी-शेजारी टेबलावर उभे करा, पॉइंट खाली. मिलिमीटरभराचा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. आपटलेला बाण आखूड भरला तर काहीतरी आत गेलंय किंवा तोंड चेपलंय. पॉइंट हॉट मेल्टने (तापवल्यावर सुटणाऱ्या गोंदाने) बसवलेला असेल तर काढून बघा, पण आच पॉइंटला द्यायची, शाफ्टला नाही. रेझिन तापलं की चांगला शाफ्टही आपणच मारतो. पॉइंट निघाल्यावर उजेडात तोंडाची कडा बघा. कडा एकसंध, स्वच्छ गोल हवी. सोललेल्या उसासारखे थर दिसले तर विषय संपला. काही जण पुढचा अर्धा इंच कापून बाण वाचवतात. कापल्यावर कापूस, वाक, पीळ हे सगळं नव्याने करून बाण पास झाला आणि आपल्या ड्रॉ लेंग्थला (दोरी जेवढी मागे ओढतो त्या अंतराला) लांबी पुरत असेल, तर माझी हरकत नाही. आखूड झालेला बाण मात्र थोडा ताठ होतो आणि गटात वेगळा वागतो, हे धरून चाला. शिवाय कापताना मास्क लावा, ती काळी धूळ फुप्फुसात जायची नाही.

आणि मागचं टोक. बट्रेसशेजारची सगळ्यात कठीण वस्तू दगड नसते, आपलाच दुसरा बाण असतो. गट जमायला लागला की बाणावर बाण बसतो, टक्‌ असा आवाज येतो आणि आपण खूश होतो. तो आवाज आला की दोन्ही बाण तपासायचे, वरून आलेला आणि मार खाल्लेला. नॉक काढून टाका. चीर दिसो न दिसो, नवा लावा. नॉक हा बाणाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. फुटका नॉक दोरीवरून सुटला तर धनुष्य रिकामं सुटल्यासारखं होतं, आणि कंपाउंडमध्ये रिकाम्या सुटण्याने लिंब (धनुष्याची लवणारी पाती) तडकते, दोरी तुटते. नॉक काढल्यावर शाफ्टच्या मागच्या तोंडाची कडाही पॉइंटकडच्यासारखीच बघा. शाफ्टच्या अंगावर दुसऱ्या बाणाने घासून गेलेली खोबण असेल तर तिच्यावरून पुन्हा कापूस.

हे सगळं पार केलेला बाण शेवटी माझ्या व्ही-ब्लॉकवर जातो. पण आता डायल मी दुसऱ्या कामाला लावतो. बाणांचा ताठपणा मोजायची पद्धत अशी: २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवायचा आणि मधोमध ८८० ग्रॅम वजन लटकवायचं. ५०० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे ताठपणाचा आकडा) शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर खाली जातो. एक माप घ्यायचं, शाफ्ट पाव वळसा फिरवायचा, पुन्हा माप. चांगल्या शाफ्टचे आकडे चारही बाजूंनी जवळजवळ सारखे येतात. त्या नऊ नंबरला बाद केल्यावर कुतूहल म्हणून लावून बघितलं, तर "कट्" वाजलेल्या बाजूला तो बाकीच्या तीन बाजूंपेक्षा स्पष्ट जास्त झुकला. सरळपणात पास, ताठपणात नापास. हे ज्याच्याकडे साधन नाही त्याने करायलाच हवं असं अजिबात नाही, हाताने लववून तेच कळतं. माझी हौस समजा.

अ‍ॅल्युमिनियमचं थोडक्यात. तो प्रामाणिक धातू आहे, बिघडला की दिसतो. पोचा आला, वाकला, चीर पडली, सगळं डोळ्याला कळतं. टेबलाच्या काचेवर लोळवा, अडखळला तर वाकलाय. बारीक बाक सरळ करता येतो, पोचा नाही. पोच्याजवळ पुढे चीर पडते, म्हणून पोचा आलेला बाण मी ठेवत नाही. दोन बाण एकमेकांवर हलके वाजवले तर चांगल्याचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. हे मी मामांना दाखवायला गेलो तर म्हणाले, "माठ घेताना आम्ही दुसरं काय करतो?"

लाकडी बाणांना हीच माठाची रीत आणि शिवाय रेषा. आमच्याकडे सुट्टीत सुरगाण्याकडची दोन मुलं सरावाला येतात, इंडियन राउंडची, बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण. त्यांना मी एवढंच सांगितलंय की लाकडाच्या रेषेला आडवी चीर दिसली, किंवा वाकवल्यावर रेषा उचलली गेली, तर बाण मोडून टाकायचा आणि मग मला सांगायचं. आधी विचारायला आले की हमखास "सर, एवढा एकच मारू का?" असं असतं.

एवढं सगळं करूनही बाण दर रविवारी बाद होत राहिले असते, कारण बांध तिथेच होता. म्हणून मोडलेल्या सात नंबरनंतर मी दोन महिने वहीत नोंद केली. प्रत्येक बाणावर मार्करने नंबर, आणि कोणता बाण कधी, कशावर आपटला याची एक ओळ. वही वाचल्यावर लाज वाटली. बट्रेस चुकवून गेलेले बाण अगदी थोडे होते. बहुतेक बाण बट्रेसच्या मधोमधून आरपार गेले होते! ५० मीटरवर आपण सगळे बाण एकाच विताच्या वर्तुळात मारतो, तिथला फोम चाळण होतो, आणि बाहेरून बट्रेस धडधाकट दिसतो. मी नेम सुधारत होतो आणि त्याची शिक्षा बाणांना होत होती.

उपाय साधे निघाले. फोमच्या पट्ट्यांची जागा बदलली, मधल्या कडेला, कडेच्या मधे. आता दर महिन्याला बदलतो. टार्गेट फेस (रंगीत वर्तुळांचा कागद) एकाच जागी न लावता आलटून पालटून लावतो. बट्रेसच्या मागे आधी शेडनेट टांगली होती, कारण द्राक्षवाल्याच्या घरी शेडनेटला तोटा नसतो. ताणून बांधलेली जाळी बाणाने कागदासारखी फाडली. मग मामांच्या ट्रॅक्टरने बांधाच्या अलीकडे मातीचा ढीग घातला, पण नुसती माती नाही, वाळूच्या चाळणीतून चाळलेली. न चाळलेल्या मातीत आमच्याकडे मूठभर खडे हमखास, आणि खडा काय, बांध काय, बाणाला सारखाच. अँगलची खुंटं एका गड्याला सोबत घेऊन खणून काढली, एकवीस निघाली. बट्रेसचं स्टँड लोखंडी होतं, त्याच्या पुढच्या पायांना लाकडी फळ्या आणि वर जुनी सतरंजी बांधली. पावसाळ्यात मातीचा ढीग खचतो आणि आतून चुकार खडे वर येतात, त्यामुळे दिवाळीच्या आधी एकदा पुन्हा चाळायला लागतो. त्याला इलाज नाही.

बाद बाणांचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न, आणि तो दिसतो तेवढा छोटा नाही. बाद बाण कोपऱ्यात ठेवला तर महिन्याभराने कुणीतरी तो उचलून क्विव्हरमध्ये टाकतो, बहुतेक वेळा आपण स्वतःच. म्हणून मी नॉक काढून घेतो, मागच्या टोकाला लाल रंग लावतो आणि चिरेवर चिकटपट्टी गुंडाळून जुन्या पीव्हीसी पाइपात टाकतो.

तो पाइप भरला तेव्हा मामा म्हणाले, "भाचेबुवा, टोमॅटोला काठ्या लागतातच. या दे की."

"मामा, थांबा. याचे धागे सुटतात. बांधणी करणाऱ्या बायकांच्या हातात घुसतील."

त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पाइप परत ठेवला. अ‍ॅल्युमिनियमचे पोचे आलेले तीन होते, ते पॉइंट काढून दिले. सध्या मामींच्या परसातल्या टोमॅटोला उभे आहेत, पिसांसकट.